बावचीचं उटणं

आमच्या घरात दिवाळीला उटणं लागत नाही. नरकचतुर्दशीला पहाटे मी सगळ्यांना तेल लावते, गरम पाणी काढून देते आणि साबणाची वडी पुढे करते. सुनेला आधी वाटायचं, म्हातारीला वास सोसत नसेल. एकदा तिनं हौसेनं तयार पुडी आणली, तर मी ती तिच्यादेखत मोरीत रिकामी केली. बिचारी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिचं काही चुकलं नव्हतं. चुकलं ते माझं, तेही अकराव्या वर्षी, आणि आता ज्यांना सांगायला हवं होतं त्यांतलं कुणी मागे उरलेलं नाही. म्हणून तर धीर होतोय.

तेव्हा आम्ही कलकत्त्यात होतो, बालीगंजला. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत, बदलीवर आलेले. दुसऱ्या मजल्यावर तीन खोल्या, तिन्हींची तोंडं उत्तरेला. ऊन म्हणून घरात यायचं नाही. पापड, उशा, कपडे, केस, जे काही वाळवायचं ते वर गच्चीत न्यायचं. भिंतींना बारा महिने ओल आणि डाळीच्या डब्यांना कुबट वास. आईचं त्या घराशी कधी पटलं नाही, पण खरं सांगायचं तर तिचं कुठल्याच घराशी पटलं नाही.

ताई वीस वर्षांची, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. मधली दोन भावंडं लहानपणीच गेली होती. ताई बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. उंच, नाकीडोळी नीटस, केस गुडघ्यापर्यंत. आणि काळी. हा शब्द आमच्याकडे उच्चारायची बंदी होती. घरात 'सावळी' म्हणायचं, स्थळांना पत्र लिहिताना 'गहूवर्णी' लिहायचं आणि फोटो काढताना फोटोवाल्याला दिवे वाढवायला सांगायचं. मी मात्र बाबांच्या आईवर गेलेली, गोरीपान. 'नको तिथं रंग सांडला,' असं आई माझ्याकडे बघून म्हणायची, आमच्या दोघींच्या समोर. आता वाटतं, कुणीतरी तिला दोन शब्द सुनवायला हवे होते. तेव्हा मात्र मला ते ऐकून बरं वाटायचं. हो, वाटायचं. आता लपवून काय करू?

तोवर तीन स्थळं फिरली होती. पहिल्या दोघांनी पत्रिका जुळत नाही म्हणून कळवलं. तिसरे नागपूरचे, त्यांनी आडपडदा ठेवला नाही. मुलीचा रंग नक्की कसा ते लिहावं, उगाच एवढ्या लांब खेप नको, असं पोस्टकार्डावर लिहून पाठवलं. पोस्टकार्डावर! म्हणजे पोस्टमनापासून खालच्या मजल्यापर्यंत ज्याला वाचता येईल त्यानं वाचावं. मराठी तिथं कुणाला वाचता येत नव्हतं, एवढंच आमचं नशीब. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत.

चौथं स्थळ कलकत्त्यातलंच निघालं. तीन पिढ्यांपासून तिथं राहिलेलं मराठी घर, मुलगा बँकेत. आमच्या मराठी मंडळींच्या गणपतीत ताईनं पद म्हटलं होतं, ते मुलाच्या आईनं मागच्या रांगेतून ऐकलं होतं. ऐकलं होतं, दिसलं किती असेल देव जाणे, कारण तिथं एकच दिवा होता आणि तोही गणपतीवर. त्यांनी निरोप पाठवला की संक्रांत झाली की माघात येऊन मुलगी पाहून जातो. आईनं देवापुढे साखर ठेवली. त्या दिवसापासून आमच्या घरात दुसरा विषय नाही. हे हातचं गेलं तर ताईचं काही खरं नाही, असं आई उठता बसता म्हणायची, आणि ताई पुस्तकातून मान वर करायची नाही.

मग आईनं उटण्याचा घाट घातला. तिच्या माहेरचं उटणं प्रसिद्ध होतं. तिच्या आईच्या हातची यादी एका पत्र्याच्या डबीत जपून ठेवलेली होती. वाळा, नागरमोथा, आंबेहळद, चंदन, संत्र्याची साल, गव्हला, कचोरा, मसुराची डाळ. आणि सगळ्यांत खाली, बावची, चिमूटभर. बावची म्हणजे काळ्या चपट्या बिया, जरा उग्र वासाच्या. आईच्या मते सगळी करामत त्या बावचीचीच. तिनं कांती उजळते, असं तिची आजी म्हणायची म्हणे. चिमूटभरानं वर्षातून एकदा उजळत असेल, तर मूठभरानं महिन्याभरात किती उजळेल, असा आईचा सरळ हिशोब.

तिच्या एक गोष्ट ध्यानात आली नाही, आणि कुणाच्याच आली नसती. ते उटणं होतं दिवाळीचं. सूर्य उगवायच्या आत लावायचं, तेलावर चोळायचं, धुऊन टाकायचं, की वर्षभर नाव नाही. पिढ्यान्‌पिढ्या ते अंधारातच लावत आले होते. दिवसाउजेडी लावून कुणी उन्हात गेलं तर काय होतं, हे त्या यादीत कसं असणार?

जिन्नस मिळवायला आम्ही सियालदहला गेलो, आई आणि मी. त्या बाजूच्या गल्ल्यांत जडीबुटीची दुकानं होती. स्टेशनाजवळून जावं लागायचं. ते दिवस सीमेपलीकडून, पूर्व बंगालातून येणाऱ्या निर्वासितांचे. फलाटांवर, फलाटाबाहेर, फुटपाथवर, जिथं पाठ टेकेल तिथं कुटुंबंच्या कुटुंबं पडलेली. विटांच्या चुलीवर काहीतरी रटरटत असायचं आणि मुलं नुसती बघत बसलेली असायची. एका गोणपाटाच्या आडोशाला एक बाई आपल्या तरण्या मुलीचे केस विंचरत होती. मुलीच्या अंगावर धड लुगडं नव्हतं. आई थबकली. मला वाटलं तिला दया आली. ती म्हणाली, पोरगी काय गोरी आहे बघ, हिला कुणीही करून घेईल. तिथंही आईला रंगच दिसला. मी बरेच दिवस हे लोकांना गंमत म्हणून सांगत असे. आता ते तोंडातून निघत नाही.

दुकानदार म्हातारा होता. बाकी सगळं त्यानं निमूट काढून दिलं. बावची म्हटल्यावर त्याचा हात थांबला. एवढी कशाला, त्यानं विचारलं, घरात कुणाच्या अंगावर पांढरे डाग आहेत का? त्याच्याकडे बावची न्यायला येत ते सगळे कोडावर लावायला म्हणून. आई अशी तापली म्हणता! तिच्या मोडक्या हिंदीत तिनं त्याला सुनावलं की आमच्याकडे असलं काही नाही, आमच्याकडे देवाधर्माच्या आंघोळीला लागते. म्हाताऱ्यानं पुडी बांधून दिली. रस्त्यात आईनं मला दोनदा बजावलं की तो काय म्हणाला ते घरी बोलायचं नाही.

दोन दिवस खलबत्ता चालू होता. कुटायचं, पाट्यावर फिरवायचं, जुन्या धोतराच्या फडक्यातून वस्त्रगाळ करायचं. शेजारच्या बंगाली मावशी, मासीमा, डोकावल्या आणि म्हणाल्या, कशाला हा खटाटोप, दुधाची साय आणि मैदा लावा, आमच्या मुलींना आम्ही तेच लावतो. आई हसून हो म्हणाली आणि दार लावल्यावर म्हणाली, त्यांच्या मुली आधीच गोऱ्या आहेत, त्यांना काय जातंय सांगायला.

पण आई वेंधळी नव्हती. ताईच्या अंगाला लावायच्या आधी ते दुसऱ्या कुणावर तरी लावून बघायचं तिनं ठरवलं, आणि दुसरं कोण असणार? नाताळची सुट्टी लागली होती. माझा डावा हात उटण्याचा, उजवा तसाच. खांद्यापासून मनगटापर्यंत रोज सकाळी दुधात कालवून लावायचं, सुकू द्यायचं, चोळून काढायचं. आठवडा झाला की दोन्ही हात शेजारी धरून बघायचं. मात्र गच्चीत पाऊल टाकायचं नाही, अशी सक्त ताकीद. उन्हानं हात रापला तर उटण्याचा गुण कळायचा कसा, म्हणून. बिचारीनं ताकीद बरोबर दिली होती. कारण फक्त भलतंच होतं.

कलकत्त्याची थंडी ज्यानं अनुभवली आहे त्यालाच माझी फजिती कळेल. खाली खोल्यांत ओल, पाय गार, अंधार. वर गच्चीत असं कोवळं, पिवळं ऊन. सगळ्या बिऱ्हाडांच्या बायका पोरं वर, संत्री सोलतायत, गप्पा मारतायत, आणि मी खाली खिडकीशी हात पसरून बसलेली. तीन दिवस काढले. चौथ्या दिवशी आई दुपारची आडवी झाली आणि मी सुटले. मासीमांच्या मुलीबरोबर सागरगोटे खेळले, संत्री खाल्ली, बिया खाली उडवल्या. दोन तास. अंगात स्वेटर नाही, नुसता झगा, कोपराच्या वरपर्यंत बाह्यांचा. फार मजा आली. अजून आठवते ती, हे वाईट आहे.

दुसऱ्या दिवशी हात चुणचुणायला लागला. तिसऱ्या दिवशी कोपरापासून मनगटापर्यंत लालबुंद आणि बारीक फोड. आईनं बघितलं तेव्हा मी म्हटलं, दूध उतरवताना वाफ लागली. असं पटकन तोंडातून गेलं, जसं काही मी ते पाठ करून ठेवलं होतं. आईनं आधी पाठीत एक धपाटा घातला आणि मग बाही वर सरकवून बघितलं. बाहीखालचा हात अगदी स्वच्छ. नुसता स्वच्छ नाही, मऊ आणि उजळसुद्धा. आईचा चेहरा उजळला. 'बघ, वर कसा लोण्यासारखा झालाय,' ती ताईला म्हणाली. झालं, उटणं पास.

फोडांवर खोबरेल लावायला ताई बसली. तिनं माझा हात मांडीवर घेतला, बाही संपते तिथं आली आणि थांबली. वर गोरं, खाली लाल, आणि मधे फूटपट्टीनं ओढल्यासारखी सरळ रेघ. तिनं त्या रेघेवरून बोट फिरवलं, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा तेल लावायला लागली. मला वाटलं, सुटले.

ताईचं कॉलेज आईनं महिनाभर बंद केलं. रोज न्हाणीघरात दार लावून तोंडाला, मानेला, हातांना तो लगदा. ताई कुरकुर करायची नाही. दहा बारा दिवस झाले, काही अपाय नाही. होणार कसा, ऊन कुठं दिसत होतं? आई रोज तिची हनुवटी धरून खिडकीशी न्यायची आणि म्हणायची, फरक पडतोय. ताई म्हणायची, हो का.

भोगीच्या दिवशी ताईनं मला हाक मारली आणि माझाच हात खिडकीशी नेऊन पाहिला. फोड सुकून कातडी सालपटासारखी सुटली होती आणि खालून नवी, गुलाबी कातडी वर आली होती, तान्ह्या मुलाची असते तशी. तिनं विचारलं, दुखतं का? मी नाही म्हटलं. मग विचारलं, किती दिवसांत सुटलं हे? मी बोटांवर मोजून सांगितलं, दहा बारा. बरं म्हणाली आणि हात सोडला.

संक्रांतीला ताई शिकेकाईनं न्हाली. तोंडाहाताला उटणं तर होतंच. एवढे केस घरात वाळायचे नाहीत, म्हणून आईनं तिला चटई देऊन गच्चीत पाठवलं. डोक्यावर पदर घे, उन्हाकडे पाठ कर, अर्ध्या तासात खाली ये, असं बजावून. तास झाला तरी ताई येईना, तेव्हा मला बोलवायला धाडलं. मी जिन्याच्या वरच्या वळणाशी पोचले आणि थांबले. वरून ऊन पायऱ्यांवर उतरलं होतं. त्या क्षणी मला सगळं लख्ख कळलं. हाताला वाफ लागली नव्हती, ऊन लागलं होतं, आणि आता ताईला लागतंय. अकरा वर्षांची मुलगी म्हणजे काही कुक्कुलं बाळ नव्हे. पण ते सांगायचं तर मी गच्चीत गेले होते हे सांगायला हवं, वाफ खोटी हे सांगायला हवं, आणि आईचा हात फार लागायचा. मी जिन्यातूनच हाक मारली. आले, म्हणाली. आणि त्यानंतरही आली नाही बराच वेळ.

तिसऱ्या दिवशी ताईचं तोंड सुजलं. कपाळ, गाल, नाक, गळ्याचा पुढचा भाग, हात. फोड असे आले की तिला डोळे उघडवेनात. आईनं ताक लावलं, चंदन लावलं, छाती बडवून घेतली. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. डॉक्टरांनी मलम दिलं आणि काय फासलं होतं म्हणून आईला फैलावर घेतलं. रात्रंदिवस आईचं एकच पालुपद की माझं प्रमाण चुकलं, चिमटीची मूठ केली. मधेच ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, पण तुला कसं गं काही झालं नाही? मी म्हटलं, मला कुठं काय झालं. अंथरुणातून ताई सुजल्या पापण्यांच्या फटीतून माझ्याकडे बघत होती.

पाहायचा दिवस आला तोवर फोड गेले होते आणि सालपटं निघाली होती. पण सगळीकडून सारखी नाही. गालावर दोन गुलाबी पांढरट चट्टे, कपाळावर एक, आणि त्यांच्या कडा काळ्याकुट्ट. पावडर त्यावर बसेना. आई म्हणाली, पुढं ढकलू. बाबा म्हणाले, ढकललं तर ती माणसं पुन्हा यायची नाहीत. ताईला कुणी विचारलं नाही.

मुलाच्या आई भल्या बाई होत्या. ताईला त्यांनी शेजारी बसवून घेतलं, गाणं छान म्हणतेस म्हणाल्या. मग हळूच विचारलं, हे चेहऱ्याला काय झालं? झालं, कुणी असं मायेनं विचारलं की आईला खोटं बोलता येत नव्हतं, येत असतं तर बरं झालं असतं. तिनं सगळं सांगितलं. उटणं केलं, त्यात बावची जरा जास्त पडली, तिनं भाजलं. आईला वाटलं, खरं सांगितलं की माणसं समजून घेतात. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

बाईंनी हातातली बशी खाली ठेवली. त्यांनी एकदा ताईच्या गालावरच्या चट्ट्यांकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे.

'बावची कशावर लावतात ते आम्हालाही ठाऊक आहे हो,' त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही, उलट जरा उतरवलाच.

आईला कळायलाच वेळ लागला. कळलं तेव्हा ती माझी बाही वर सरकवून दाखवायला लागली, हे बघा, हिच्यावर आधी लावून बघितलं होतं, हिला काही झालं नाही. पण माझ्या हातावर तेव्हा तोच गुलाबी पट्टा होता, नुकताच कडेनं काळा पडायला लागलेला. दोन्ही बहिणींच्या अंगावर डाग. मी जमिनीकडे बघत उभी होते. आत्ता बोल, आत्ता बोल, असं मनात म्हणत मी बाही खाली ओढून घेतली. पाहुणे नमस्कार करून गेले. ताईनं बशा उचलल्या आणि धुवायला नेल्या.

कलकत्त्यातली मराठी घरं ती किती? गणपतीला सगळी एका मांडवात मावायची. माघातल्या हळदीकुंकवाला आम्हाला दोन घरांचं बोलावणं आलं नाही. पुढच्या गणपतीत एका बाईनं माझा गाल कुरवाळला आणि तशीच बोटं खाली नेऊन माझी बाही चाचपली. बाबांनी डॉक्टरांकडून दाखला आणला की मुलीला कोड नाही. ताई म्हणाली, गळ्यात बांधून हिंडू का? ती तेवढं एकदाच बोलली. डाग वर्षभरात गेले, तिचेही आणि माझेही. लोकांचं बोलणं राहिलं. नागपूरपर्यंत गेलं, पुण्यापर्यंत गेलं. नंतर कुणी कारणसुद्धा लिहीनासं झालं.

ताईनं बी.ए. पुरं केलं आणि बालीगंजच्याच एका मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायला लागली. छत्री, पिशवी, बस. आईनं ती यादीची डबी देवामागे सारून ठेवली, आणि दिवाळीत आमच्याकडे उटणं बंद झालं. दर नरकचतुर्दशीला आई तेल लावताना म्हणायची, माझ्या हातून पोरीचं वाटोळं झालं. दर वर्षी. आणि मी पाठ पुढे करून बसायची.

एकोणिसाव्या वर्षी माझं लग्न ठरलं. मुलगा दूरचा, इंदूरकडचा, त्यांच्या कानावर काही गेलेलं नव्हतं किंवा माझा रंग बघून त्यांनी ते कानाआड केलं असेल. थोरलीच्या आधी धाकटी, म्हणून बाबांना खालमानेनं चारचौघांत वावरावं लागलं. नवरीला हळदीबरोबर काहीतरी लावायला हवं, मासीमा मागे लागल्या. आई त्या वाटेला जाईना. तेव्हा ताईनंच केलं, मसुराची डाळ, हळद आणि साय, बस्स.

लग्नाच्या चार दिवस आधी दुपारी ती घरात दिसेना, म्हणून मी गच्चीत गेले. उन्हाच्या अगदी मध्यावर ताई उभी होती. बाही दंडापर्यंत दुमडलेली, हातावर ते पिवळं सारवलेलं, आणि हात सूर्याकडे धरलेला. म्हणाली, कालही एक तास उभी होते, काही झालेलं नाही, तरी उद्या आणखी एकदा बघते, मग तुला लावू दे.

मी कठड्याशी बसले आणि आठ वर्षांचं सगळं ओकले. गच्चीत गेले होते, वाफ खोटी होती, संक्रांतीला जिन्यात उभी होते आणि बोलले नाही. ती ऐकत होती, हात तसाच धरून.

'ठाऊक आहे,' ती म्हणाली. 'वाफेला काय बाहीची रेघ कळते?'

माझ्या आधी तिचं बोलणं डोक्यातच शिरेना. मग मी विचारलं, ठाऊक होतं तर त्या दिवशी वर का बसलीस?

ताईनं हात खाली घेतला. सुकलेलं उटणं अंगठ्यानं खरवडायला लागली.

'तुझ्या फोडाखालून केवढी गोरी कातडी निघाली होती,' ती म्हणाली. 'मला वाटलं, वरची सगळीच एकदा जळून गेली तर बरं. दहा बारा दिवस तू म्हणालीस, म्हणून संक्रांत धरली. केस वाळवताना उन्हाकडे पाठ करतात. मी तोंड करून बसले होते.'

मी म्हटलं, आईला सांगूया, ती दर दिवाळीला स्वतःला कोसते. ताई म्हणाली, नको. चूक प्रमाणाची होती असं तिला वाटतंय तेच बरं आहे, मी काय करायला बसले होते ते तिला सोसायचं नाही.

आईला आम्ही दोघींनीही शेवटपर्यंत सांगितलं नाही.

हळदीच्या सकाळी ताईनं वाटीत ते कालवून आणलं. दारात आईनं तिला अडवलं आणि खालच्या आवाजात विचारलं, आधी लावून बघितलंस ना? ताई म्हणाली, बघितलं, तीन दिवस बघितलं. आईनं मान हलवली. मग सवाष्णी आल्या, पाट मांडला, मला बसवलं. हळद लावायचा मान सवाष्णींचा. ताईनं वाटी त्यांच्या हातात दिली, आणि स्वयंपाकघरात निघून गेली.